म्हाळुंगाचा वास शांत का वाटतो?

प्रश्न : आमच्या घरी पैंजणांना घुंगरं जोडायचं काम चालतं. माहेरच्या परसात म्हाळुंगाचं झाड आहे. यंदा नवरात्रात भावाने त्याची दोन फळं पाठवली, ती देवघरात ठेवली. त्यांचा वास आला की मन निवांत होतं, हात जोडावेसे वाटतात. लिंबू कापलं की मात्र झोप उडते. संत्रं सोललं की पोरं भोवती गोळा होतात आणि घरभर हसणंखिदळणं सुरू होतं. गवती चहाचा वास तर थेट लिंबासारखा, पण त्याने मला पावसाळा आणि तापाने झोपलेलं माणूस आठवतं. ही फळं एका कुळातली, वासही एकमेकांच्या इतके जवळचे, मग मनावर उमटतं ते इतकं निराळं कसं? फरक फळात आहे की माझ्या मनात? आणि म्हाळुंग वाळवून साड्यांच्या कपाटात ठेवलं तर चालेल का?
– एक वाचक भगिनी, हुपरी, जि. कोल्हापूर

उत्तर : ताई, फरक दोन्हीकडे आहे, पण वाटे सारखे नाहीत. लिंबाने येणारी तरतरी बरीचशी फळातलीच. संत्र्याचा आनंद निम्मा फळाचा आणि निम्मा ते खायच्या पद्धतीचा. म्हाळुंगाची शांतता मात्र मला जास्त करून तुमच्याकडून आलेली दिसते. ती तुमच्याकडे कुठून आली, हे शोधायला कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला फार लांब जावं लागत नाही.

आधी फळाचं बघू. या कुळातल्या कुठल्याही फळाची साल उजेडाकडे धरली की तिच्यात बारीक बारीक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या. वासाचा मुख्य साठा तिथेच असतो. रसाला आंबटपणा देणारं सायट्रिक आम्ल स्वतः बिनवासाचं आहे. संत्र्याची साल निरांजनाच्या ज्योतीजवळ दुमडून दाबली की फुर्र करून ठिणग्या उडतात, हा खेळ पुष्कळांनी लहानपणी केला असेल. तिथे पेटतं ते हेच तेल. त्यातला सगळ्यात मोठा भाग लिमोनिन नावाच्या द्रव्याचा असतो. गोड संत्र्याच्या, म्हणजे मोसंबीच्या जातीच्या फळाच्या सालीतल्या तेलात लिमोनिन 90 टक्क्यांच्या वर जातं. विलायती पिवळ्या लेमनच्या तेलात ते साधारण 60 ते 75 टक्के असतं. लिमोनिनचा वास हलका, गोडसर, स्वच्छ असतो, पण नुसतं तेच हुंगायला दिलं तर कुठलंसं आंबटगोड फळ आहे यापलीकडे फारसं सांगता येत नाही. फळाची ओळख पटते ती उरलेल्या थोड्याथोडक्या द्रव्यांवरून. तुमच्याच कामातलं सांगायचं तर पैंजणाचं वजन चांदीच्या साखळीत असतं आणि आवाज घुंगरांत.

ही घुंगरं कुठली? लिंबात मुख्यतः सायट्रल. लेमनच्या तेलात ते दोन-तीन टक्केच असतं, पण तो तीक्ष्ण, कापल्यासारखा लिंबूपणा त्याचाच. आपल्या कागदी लिंबाच्या ताज्या सालीत सायट्रल सहसा त्याहून जास्त, म्हणून आपलं लिंबू विलायती लिंबापेक्षा नाकाला अधिक झोंबतं. संत्र्यात एका अँथ्रानिलेट द्रव्याचा अंश असतो, टक्काभरही नाही, पण त्याने वासाला फुलासारखी, थोडी द्राक्षासारखी मऊ बाजू येते. इटलीच्या दक्षिण टोकाला, कलाब्रियात, बर्गमोट नावाचं फळ पिकतं. अर्ल ग्रे चहाला जो वास असतो तो त्याचा. बर्गमोटच्या तेलात लिमोनिन कमी पडतं आणि लिनालिल अॅसिटेट व लिनालूल ही द्रव्यं भरपूर येतात. लॅव्हेंडरच्या तेलातली मुख्य द्रव्यंही हीच दोन. त्यामुळे बर्गमोट आंबट फळांच्या वासात सगळ्यात सौम्य, संध्याकाळी हुंगावासा वाटणारा. त्याने शांत वाटतं असं कोणी म्हटलं तर त्याला फळातच आधार सापडतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो शाळेच्या पुस्तकांतूनही फिरतो. लिमोनिनचे रेणू डावे आणि उजवे अशा दोन घडणींचे असतात, उजवा संत्र्याचा वास देतो आणि डावा लिंबाचा, असं सांगतात. ते खरं नाही. लिंबातही बहुतेक सगळं लिमोनिन उजवंच असतं. डाव्याचा वास टर्पेंटाइनकडे, चीडाच्या लाकडाकडे झुकतो. लिंबू आणि संत्रं यांना वेगळं करतात ती बाकीची द्रव्यं.

आता म्हाळुंगाकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. वयाने आणि नात्याने ते या सगळ्यांत वडील. 2018 साली ‘नेचर’ या नियतकालिकात लिंबूवर्गीय झाडांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार या कुळाचं मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वीचं. आज बाजारात दिसणारी बहुतेक फळं मोजक्या मूळ जातींच्या संकरातून आली, आणि त्या जातींत म्हाळुंग, पपनस आणि आंबटगोड रानसंत्रं ही तीन मुख्य. लेमन हे आंबट नारिंग आणि म्हाळुंग यांचं अपत्य. आपलं कागदी लिंबू म्हाळुंग आणि पूर्वेकडच्या बेटांवरच्या एका रानटी जातीचं. दोन्ही वेळा पराग म्हाळुंगाचा, म्हणजे म्हाळुंग हा दोन्ही लिंबांचा बाप. लिंबातला सायट्रलचा तिखट अंश बापाकडून आलेला आहे. म्हाळुंगाच्या अनेक जातींच्या सालीत मुख्य द्रव्यं म्हणजे लिमोनिन, गॅमा-टर्पिनिन आणि सायट्रल. बर्गमोटमधली ती निवांत करणारी जोडी त्यात भरपूर नसते. नुसत्या रसायनाकडे पाहिलं तर म्हाळुंगाने तुमची झोप उडवायला हवी होती.

मग शांतता कशाने? एक कारण फळाच्या घडणीत आहे आणि ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही. घरातल्या दोनपैकी एक फळ उचलून बघा. लिंबाच्या मानाने जड, साल खडबडीत, उंचसखल. अंगठ्याच्या नखाने सालीवर हलकी रेघ ओढा. आधी लिंबासारखा तीव्र झोत येईल, मग तो बसला की खाली हिरवट, थोडा लाकडाचा, फुलांकडे झुकणारा वास राहील. आता नख न लावलेलं दुसरं फळ नुसतं तळहातावर धरा. वास येईल, पण अगदी हळू, श्वास आत घेतल्यावर उशिरा कळणारा. लिंबू आपण कापतो, पिळतो. तेलाच्या पिशव्या एकदम फुटतात, वास नाकावर आदळतो, तोंडाला पाणी सुटतं, शरीर खाण्याच्या तयारीला लागतं. म्हाळुंग कापायचं फारसं कारणच नसतं. आत रस थोडका, बिया पुष्कळ, आणि बाकीचा सगळा भाग जाड पांढरा गर. त्यामुळे ते अखंड ठेवलं जातं आणि वास दिवसभर संथपणे देत राहतं. तीच द्रव्यं, पण मात्रा मंद. तुमच्या निवांतपणातला फळाचा वाटा एवढाच, असं मला वाटतं.

दुसरं कारण करवीरच्या गाभाऱ्यात आहे. अंबाबाईच्या मूर्तीला चार हात आहेत. वरच्या उजव्या हातात गदा, वरच्या डाव्या हातात ढाल, खालच्या डाव्या हातात पानपात्र आणि खालच्या उजव्या हातात म्हाळुंग. देवीमाहात्म्याला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीचं जे वर्णन आहे त्यात याच चार वस्तू येतात. तुमच्या गावात चांदी घडवणाऱ्यांना हे सांगायला नको. देवीचा टाक किंवा मुखवट्यासह पूर्ण मूर्ती करताना त्या हातातलं फळ नीट उतरलं पाहिजे, नाहीतर ती करवीरची देवी वाटत नाही. लहानपणापासून हजारदा पाहिलेल्या त्या हातातलं फळ आता तुमच्या देवघरात, निरांजनाशेजारी, नवरात्रात आलं. तो वास हात जोडायला लावतो यात नवल ते काय? उलट तसं झालं नसतं तर मला आश्चर्य वाटलं असतं.

आणि हे एकट्या कोल्हापूरचंच नाही. बौद्ध शिल्पांत धनाची देवता असलेल्या जंभलाच्या हातातही हेच फळ दाखवतात. ज्यू लोक सुक्कोथ सणात म्हाळुंग हातात धरून प्रार्थना करतात, ते ‘एत्रोग’ म्हणतात त्याला. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायली याच धर्माचे. एत्रोगाला ओरखडा गेलेला चालत नाही, म्हणून ते फार जपून हाताळतात. चीनमध्ये बोटांसारख्या फाकांची एक जात आहे, बुद्धाचा हात म्हणून ओळखली जाणारी. तीही घरात वासासाठी ठेवतात. एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या इतक्या लोकांनी हे फळ खाण्यापेक्षा हातात धरण्यासाठी निवडलं, यामागे त्याचा हा संथ वास असणार असं मी मानतो. म्हणजे भक्ती वासाला चिकटली हे खरं, पण चिकटायला वासही तसा योग्य होता.

वास आणि भावना इतक्या चटकन का जुळतात, याला मेंदूच्या रचनेतलं कारण आहे. दिसलेलं आणि ऐकलेलं आधी मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या वाटपकेंद्रात जातं. वासाचा निरोप त्या वाटेने न जाता भावना आणि आठवण सांभाळणाऱ्या भागांकडे जवळजवळ थेट पोहोचतो. म्हणून वासाचं नाव आठवायच्या आधी त्याने जागं केलेलं काहीतरी मनात उभं राहतं.

प्रयोगांकडे वळलं तर लिंबाबद्दलचा पुरावा बरा आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात जॅन कीकोल्ट-ग्लेसर यांच्या गटाने 56 निरोगी माणसांवर लिंबू, लॅव्हेंडर आणि पाणी यांची तुलना करून पाहिली. 2008 साली ती प्रसिद्ध झाली. लिंबाच्या तेलाने मनाची प्रसन्नता वाढली. काहींना वासाने काय होईल ते आधी सांगितलं होतं, काहींना काहीच सांगितलं नव्हतं, तरी फरक पडला नाही. लिंबाची तरतरी फळातलीच असं मी वर म्हटलं ते या आधारावर. पण त्याच प्रयोगात दुखणं सोसण्याची ताकद किंवा त्वचेची दुरुस्ती यांत कसलीही सुधारणा दिसली नाही. बाटलीवर ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवते’ असं छापून तेलं विकली जातात तेव्हा हा दुसरा भाग लोकांपर्यंत पोहोचत नाही, आणि त्याची मला चीड येते. मन थोडं हलकं होणं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे, ती विकायला खोट्याची गरज नाही.

व्हिएन्नात योहान लेर्नर यांनी 2000 साली दातांच्या दवाखान्यात 72 रुग्णांवर संत्र्याचा वास करून पाहिला. बायकांची धास्ती कमी झाली, पुरुषांवर काही परिणाम दिसला नाही. मात्र हे निष्कर्ष आपल्याकडे आणताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. युरोपातलं ते संत्रं म्हणजे आपल्या मोसंबीचं भावंड. आपलं नागपुरी संत्रं, सैल सालीचं, निराळ्या जातीचं आहे. ओहायोतलं लिंबूही आपलं कागदी लिंबू नव्हे. हुपरीतल्या स्वयंपाकघरात जे फळ कापलं जातं त्याच्यावरचे प्रयोग फार थोडे. त्यामुळे तुमच्या पत्रातली निरीक्षणं मला मोलाची वाटतात.

तुमच्या संत्र्याचंच घ्या. सैल साल असल्याने ते हाताने सुटतं, सुरी लागत नाही, आणि आत फोडी आधीच वेगळ्या केलेल्या. एकट्याने खाण्यापेक्षा वाटून खायला सोपं. सोलताना बोटांवर तेल उडतं, वास खोलीभर जातो, पोरं येतात, प्रत्येकाच्या हातावर एक फोड पडते. वास आणि वाटून खाणं यांची गाठ लहानपणीच बसते. मोसंबीची साल चिकट, ती कापून रस काढायचा, आणि तो रस पुष्कळ घरांत आजारी माणसाला नेऊन द्यायचा. मोसंबीच्या तेलात लिमोनिन संत्र्याहून कमी नाही, पण मोसंबीच्या वासाने पोरं हसत आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

मनाचा वाटा किती मोठा असू शकतो, हे दाखवणारा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. रेचल हर्झ आणि जुलिया फॉन क्लेफ यांनी 2001 साली एकच वास दोनदा, दोन वेगळी नावं सांगून हुंगायला दिला. एकदा ‘परमेझान चीज’, एकदा ‘ओकारी’. नाव बदललं तसं लोकांचं मत उलटंपालटं झालं. बाटली मात्र तीच. आपल्याकडे हे प्रयोगशाळेबाहेरही दिसतं. जोतिबाच्या चैत्र यात्रेत वाहिला जाणारा दवणा घ्या. लिंबाशी त्याचं काही नातं नाही, तरी कोल्हापूरच्या माणसाला दवणा हुंगला की वाडी रत्नागिरीचा डोंगर आणि गुलाल दिसतो. परमुलखातल्या माणसाला तीच काडी नुसतं गोडसर वासाचं गवत वाटेल. लिंबाचंही तसंच. ज्या घरात लिंबू दृष्ट काढायला, गाडीच्या चाकाखाली ठेवायलाच जास्त वापरलं जातं, तिथल्या मुलाला त्या वासाबरोबर थोडी भीतीही येत असेल.

गवती चहाबद्दल तुम्ही फार अचूक लिहिलंय. तो या कुळातला नाहीच. ते गवत आहे, ऊस आणि ज्वारीच्या नात्यातलं. पण त्याच्या तेलात 70 ते 80 टक्के सायट्रल असतं. लिंबात जो अंश चिमूटभर, तो इथे जवळजवळ सगळाच. लिमोनिनचा हलका, गोड आधार मात्र नाही, म्हणून वास लिंबासारखा असूनही जड, उष्ण वाटतो. तो आपण उकळतो, आल्याबरोबर, दूध आणि गुळासाखरेबरोबर, आणि तो बहुतेक वेळा सर्दी-तापातच होतो. पावसाळा आणि अंथरूण तुमच्या मनात आलं ते या सगळ्या वाफेतून आलं.

याच्याही पुढचं उदाहरण तुमच्या फडताळात असेल, लिंबाचं मुरलेलं लोणचं. आंबट रसात महिनोन्‌महिने राहून सायट्रल मोडतं आणि त्याची दुसरीच द्रव्यं होतात. वास काळसर, औषधी, खोल होतो. फळ तेच, पण आता ते झोप उडवत नाही. तापातून उठलेल्या माणसाच्या मऊ भातावर तेवढी एक फोड ठेवली की त्याला जेवावंसं वाटतं.

तुमचा वाटा किती आणि फळाचा किती, हे घरीच ताडून बघता येईल. लिंबू, संत्रं आणि म्हाळुंग यांच्या सालीचे नखाएवढे तुकडे तीन वाट्यांत ठेवा. सकाळी करा, काम सुरू व्हायच्या आधी, कारण डाग देतानाचा धूर आणि आम्लाची वाफ नाकाला बोथट करतात. तुमचे डोळे बांधून घरच्या कोणीतरी वाट्या पुढे कराव्यात, नाव सांगू नये. दोन वाट्यांमध्ये थोडं थांबून स्वतःच्या बाहीचा वास घ्या, नाक ताजं होतं. प्रत्येक वेळी फळ ओळखायच्या आधी मनात काय आलं ते सांगा, कोणीतरी लिहून घ्या. अर्ध्या तासाने पुन्हा करा. तोवर लिमोनिन बरंचसं उडालेलं असेल आणि जड द्रव्यं मागे राहिलेली असतील. डोळे बांधलेले असताना म्हाळुंगाची गत लिंबासारखीच झाली, तर शांतता देवघरातली. तरीही ते निवांत वाटलं, तर मी वर मांडलेला हिशेब मला थोडा बदलावा लागेल, आणि तो मी आनंदाने बदलेन. जमलं तर घरातल्या लहान मुलालाही बसवा, ज्याला मूर्तीच्या हातातलं फळ अजून ठाऊक नाही.

राहिला कपाटाचा प्रश्न. चालेल, आणि हा उपयोग फार जुना आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात थिओफ्रास्टस या ग्रीक अभ्यासकाने या फळाबद्दल लिहून ठेवलंय की ते खात नाहीत, पण कपड्यांत ठेवलं तर कसर लागत नाही. अखंड फळ मात्र ठेवू नका, आतला गर ओला राहून बुरशी धरतो. साल पांढऱ्या गरासकट पातळ कापून सावलीत, वाऱ्याला वाळवा, उन्हात नको, वास उडतो. तुकडे कडकडीत वाळले की सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधा. पुरचुंडी जरीला टेकू देऊ नका, तेलाचा डाग पडतो. पहिले काही आठवडे लिंबाची झाक राहील, मग ती जाऊन लाकडासारखा वास येईल. तो टर्पेंटाइनसारखा उग्र लागायला लागला की तेल हवेने बिघडलंय असं समजा आणि पुरचुंडी बदला. तसं जुनं तेल त्वचेला खाज आणू शकतं. आणि म्हाळुंग असो की लिंबू, साल कापल्यावर हात धुतल्याशिवाय उन्हात जाऊ नका. या सालींतल्या काही द्रव्यांमुळे ऊन लागल्यावर एक-दोन दिवसांत कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनाभरही जात नाहीत.